दिवे लागल्यावर कुत्री नेता येणार नाहीत

साखर कारखान्याच्या पर्चेस खात्यात मी नोकरी केली. म्हणजे आयुष्यभर घासाघीस केली आणि वर तिचाच पगार घेतला. बेअरिंगवाले, बारदानवाले, गंधकवाले माझ्या टेबलासमोर बसून घाम पुसायचे. घरीही माझा हाच लौकिक. भाजी आणायला बायको मला पाठवत नसे, कारण मी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालतो आणि मग तिला बाजारात तोंड दाखवायला जागा उरत नाही, असं तिचं म्हणणं. तर अशा मला एका बाईनं पहिल्याच भेटीत चीत केलं, आणि तेही मी सांगितलेला दर ताबडतोब मान्य करून.

या बाईंना सगळे आत्या म्हणत. पलूसच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांची जागा होती. दोन खोल्या, पुढं पत्र्याची मोठी पडवी, चारी बाजूंनी जाळी आणि फाटकावर रंगानं लिहिलेला बोर्ड: ‘कुत्री सांभाळली जातील. दिवे लागल्यावर नेता येणार नाहीत.’ खाली फोन नंबर नव्हता. नंबर सांगलीतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून मिळायचा आणि तोही डॉक्टरांना तुमचं कुत्रं आवडलं तरच.

आमची स्वीटी लेकीनं हट्टानं आणली होती. सोनेरी रंगाची लॅब्रॅडोर, स्वभावानं गरीब आणि खाण्यात पक्की. लेक नोकरीला बंगळुरूला गेली आणि स्वीटी आमच्या गळ्यात पडली. तेव्हा आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहत होतो. बायकोचं माहेर मेढ्याचं. तिच्या वडिलांना घरात कुत्रं चालत नसे, त्यामुळे माहेरी जायचं म्हटलं की स्वीटीचं काय, हा प्रश्न उभा राहायचा. म्हणून आम्ही आत्यांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिलो.

साठीच्या पुढची, काटक, नऊवारी नेसलेली बाई. पायात लष्करी बूट. ते नवऱ्याचे होते. नवरा फौजेतून निवृत्त झालेला, बोलायला अतिशय काटकसरी. आत्यांनी आम्हाला पडवीत बसवलं आणि स्वीटीकडं बघायच्या आधी आमच्याकडं बघितलं.

‘‘घरात कोन कोन अस्तंय?’’

‘‘मी आणि ही.’’

‘‘कुत्री कुणाची?’’

‘‘लेकीची. ती बंगळुरूला असते.’’

‘‘म्हंजी आई सोडून गेली आन आज्जा-आज्जीकडं टाकली. रागावता का हिला?’’

‘‘छे,’’ मी म्हणालो.

‘‘हे रागावतात,’’ बायको म्हणाली. ‘‘वर्तमानपत्र फाडलं की.’’

आत्यांनी मान हलवली. सोयरीक जुळवायला आलेल्या माणसांची चौकशी करावी तशी आमची अर्धा तास चौकशी चालली होती. स्वीटी कुठं झोपते, पहिल्यांदा वाढतं कोण, घरात मोठ्यानं बोलायची सवय कुणाला आहे. या शेवटच्या प्रश्नाला बायकोनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

मग मी दराचा विषय काढला. मनात एक आकडा धरला होता. रीतीप्रमाणे त्याच्या निम्मा सांगितला, म्हणजे चढायला जागा राहते.

‘‘बरं,’’ आत्या म्हणाल्या.

मी थांबलो. त्यांनी पुढं काही बोलावं, कपाळाला हात लावावा, सांगलीचा दर सांगावा. काही नाही. आयुष्यात इतकं अपमानित मला कुणी केलं नव्हतं.

‘‘न्यायला कवा येनार?’’ त्यांनी विचारलं.

‘‘रविवारी रात्री आठ-साडेआठला.’’

‘‘न्हाई. दिवं लागायच्या आत यायचं. दिवं लागल्यावर घरातनं मीठ देत न्हाईत, दूध देत न्हाईत. मग जिवंत लक्षुमी कशी देऊ?’’

इथं मला हुरूप आला. ही माझी ओळखीची जमीन होती. मी म्हटलं, रस्त्यात उशीर होतो. मी म्हटलं, शंभर रुपये जादा घ्या. मी म्हटलं, मी आत येतच नाही, गाडी फाटकाबाहेर थांबवतो, तुम्ही नुसती दोरी सोडा. त्या ऐकून घ्यायच्या आणि ‘‘न्हाई’’ म्हणायच्या. शेवटी मी म्हटलं, ‘‘मग आम्ही दोन दिवस जास्त राहतो, बुधवारी सकाळी नेतो.’’

‘‘कुत्री हाय न्हवं? मग बुधवारी न्हाई. बुधवारी लेक सासरी धाडत न्हाईत.’’

‘‘आणि कुत्रा असता तर?’’

‘‘तर त्यो भाचा. भाच्याला वाराचं काय न्हाई. पर जेवल्याबिगर सोडत न्हाई.’’

मी हरलो. परतताना गाडीत बायको म्हणाली, ‘‘माझ्या माहेरी माझीसुद्धा इतकी चौकशी होत नाही.’’ ती त्याच दिवसापासून आत्यांच्या पक्षात गेली आणि पुढं कायम तिकडंच राहिली.

आत्यांचं सगळं शास्त्र असंच होतं. कुत्री ही माहेरपणाला आलेली लेक, कुत्रा हा सुट्टीला आलेला भाचा, आणि आम्ही मालक म्हणजे सासरची माणसं. सासरच्या माणसांना देतात तेवढाच मान त्या आम्हाला द्यायच्या. चहा, पाणी, बसायला खुर्ची. विश्वास मात्र नाही. मुक्कामाच्या दिवसांत आम्ही फोन करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. ‘‘माहेरला आलेल्या पोरीला सासरचं सारखं फोन आलं की पोरगी जेवत न्हाई,’’ असं त्यांचं कारण. रोज संध्याकाळी त्या एक फोटो मात्र पाठवायच्या. त्यात स्वीटीचं निम्मं तोंड, थोडी भाकरी आणि फौजींचे गुडघे दिसायचे.

निघताना ओटी भरली जायची. कुत्रीच्या कपाळावर कुंकवाचं बोट, माझ्या रुमालात मूठभर तांदूळ, खोबऱ्याचा तुकडा आणि बिस्किटाचा पुडा. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. पण आत्यांच्या तोंडावर हसण्याची काही खूण नव्हती, म्हणून मी रुमाल नीट धरला. स्वीटी सांगली येईपर्यंत पुडा संपवायची.

दिव्यांच्या नियमापुढं भल्याभल्यांचं चाललं नाही. एकदा सांगलीचे एक बिल्डर अंधार पडल्यावर आले. आत्यांचा भाचा, म्हणजे त्यांचा डॉबरमन, फाटकाच्या आत उड्या मारत होता. बिल्डरसाहेबांनी आधी विनंती केली, मग आवाज चढवला, मग कुणाकुणाला फोन लावतो म्हणाले. आत्या म्हणाल्या, ‘‘लावा की. पर तवर हातपाय धुवा, भाकरी खावा.’’ ते रागारागानं जेवले आणि पडवीतल्या बाजेवर झोपून सकाळी गेले. नंतर कुत्रं नसतानाही ते मधूनमधून जेवायला यायचे, असं मला फौजींनी सांगितलं. फौजींनी त्या वर्षात सांगितलेली बहुधा ती एकच गोष्ट असेल.

तर जगाला माहेरपण देणाऱ्या या बाईला स्वतःला माहेर नव्हतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आणि ते माहेर होतं तरी कुठं, तर पडवीतून दिसायचं. जाळीच्या पलीकडं बांध, बांधापलीकडं उसाचा पट्टा आणि त्याच्या टोकाला पिवळं दुमजली घर. मी एकदा सहज विचारलं, ‘‘ते घर कुणाचं?’’ फौजी म्हणाले, ‘‘पाव्हण्याचं,’’ आणि पाणी आणायला आत गेले.

आत्यांनी स्वतःच सांगितलं. आमच्याकडं बाप गेला की बहिणी तालुक्याला जातात आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही देतात. सगळ्याच देतात. माझ्या बहिणीनंही दिली आहे. बदल्यात साडी-चोळी मिळते आणि माहेरचं दार उघडं राहतं. आत्यांनी सही दिली नाही. फौजींचं गाव जावळीतलं, जमीन डोंगरात, नावाला. पेन्शनीवर भाड्याच्या खोलीत राहून त्या कंटाळल्या होत्या.

‘‘लय न्हाई मागितलं, सायेब,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रस्त्याकडंची मुरमाड पट्टी मागितली. तिथं ऊसबी येत न्हवता. भाऊ म्हनला, घे, पर त्या दिसापासनं तू मला मेलीस.’’

‘‘आणि तुम्ही?’’

‘‘मी काय म्हननार? घेतली. हक्काची हुती.’’ मग म्हणाल्या, ‘‘त्याचंबी खोटं न्हवतं. बापाला शेवटाला त्यानंच उचलून बसिवलं. इहीर त्यानं काढली, कर्ज त्यानं फेडलं. त्याला वाटलं, ही आयत्या वाट्याला आली. पर सायेब, दिवाळीला माझी पावलं आपसूक बांधाकडं वळत्यात. मग मीच मला वरडती.’’

हे सांगताना त्या एका मरतुकड्या भाच्याच्या कानातल्या गोचिडी काढत होत्या. ज्या बाईच्या दारात येणाऱ्या प्रत्येक मुक्या जिवाची ओटी भरली जात होती, तिची ओटी भरायला कुणी नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

पण त्या घरातून एक जण बांध ओलांडून यायची. भावाची कुत्री, चंपी. तांबूस रंगाची, गावठी, एक कान मोडलेला. ती रोज ऊन कलल्यावर उसातून यायची, आत्यांच्या हातची भाकरी खायची आणि आली तशी परत जायची. तिला फी नव्हती, वार नव्हता, वेळ नव्हती. आत्या तिच्याशी बोलायच्या नाहीत, पण भाकरीला तूप तिच्याच असायचं.

आता खरी गोष्ट सांगतो. गळीत हंगामाच्या तोंडावर एक दिवस आत्यांचा भाऊ माझ्या ऑफिसात आला. कारखान्याचा जुना सभासद, मोठ्या मिशांचा, ताठ माणूस. त्या दिवशी मात्र काठी टेकत आला. मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. बायको सोबत जाणार, मुलं पुण्याला. गड्यांच्या हातचं चंपी खात नाही.

‘‘सायेब, तुमची वळख हाय म्हनं तिकडं,’’ तो म्हणाला. ‘‘फीचं आन टायमाचं तेवढं ठरवून द्या. पर माझं नाव घिऊ नका.’’

‘‘अहो, चंपीला त्या ओळखतील की.’’

‘‘वळखू द्या. नाव घिऊ नका.’’

मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण गिऱ्हाइकाचं नाव न सांगता त्याच्या घराकडं बघत केलेला हा पहिलाच. रविवारी मी आत्यांच्या पडवीत बसलो. भाऊ बांधापलीकडं विहिरीजवळ उभा, कानाला मोबाइल. मधला ऊस लावणीच्या बेण्यासाठी नुकताच तुटलेला, त्यामुळं दोघं एकमेकांना स्वच्छ दिसत होते. मी फोन स्पीकरवर टाकून तिपाईवर ठेवला.

‘‘एक गिऱ्हाईक आहे,’’ मी आत्यांना म्हणालो. ‘‘गावठी कुत्री आहे. दर काय लावाल?’’

‘‘सगळ्यांस्नी जो, त्योच. वळखीची म्हनून सूट न्हाई.’’

‘‘सूट मागितली कुनी?’’ फोनमधून आवाज आला. ‘‘दुप्पट द्यीन म्हनावं.’’

‘‘त्यास्नी सांगा, दुप्पट घ्यायला मी सावकार न्हाई.’’

‘‘तिला म्हनावं, मला कुनाचं उपकार नकोत.’’

घेणारा दर चढवतोय आणि देणारी खाली ओढतेय, असला सौदा मी कधी ऐकला नव्हता. मी दोघांच्या मधे बसून नुसता इकडून तिकडं बघत होतो. फौजी दारात उभे होते, चहाची कपबशी हातात तशीच. अखेर मीच म्हटलं, दर नेहमीचा. दोन्हीकडून कुणी काही बोललं नाही, म्हणजे ठरलं.

‘‘आता टाइम,’’ मी म्हणालो.

आत्यांनी पदर सावरला. ‘‘सोडायला कुनीबी येऊ दे. गडी आला तरी चालंल. न्यायला मात्र सोता यायचं. भाऊबीजंला यायचं.’’ मग जराशानं म्हणाल्या, ‘‘दिवं लागल्यावर.’’

मी चमकलो. ‘‘आत्या, फाटकावरचा बोर्ड तुमचाच आहे.’’

‘‘वाचता येतंय मला. दिवं लागल्यावर यायचं.’’

विहिरीजवळ भाऊ काठीवर रेलून उभा होता, पाठमोरा. मी त्याची बाजू घेऊन म्हणालो, पाय नवा असेल, अंधारात त्रास होईल, सकाळी आला तर? आत्यांनी मान हलवली. मला ही मान ओळखीची होती.

‘‘बघतो,’’ एवढंच बोलून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी गडी चंपीला दोरी बांधून रस्त्यानं घेऊन आला. जी रोज बांधावरून उडी मारून यायची ती त्या दिवशी फाटकातून, रीतसर आली. आत्यांनी तिला पडवीत मधोमध जागा दिली. आणि त्या दिवसापासून ही बाई बदलली. नेहमी कडक असणारी, ती आता फोन वाजला की दचकायची. ऑपरेशन नीट झालं, हे मीच कारखान्यात ऐकून त्यांना कळवलं. ‘‘मला काय करायचंय,’’ म्हणाल्या, आणि लगेच, ‘‘चालतोय का?’’

भाऊबीज त्या वर्षी मंगळवारी आली. माझी बहीण लोणंदहून सकाळीच येऊन ओवाळून गेली होती. बायको मेढ्याला भावाकडं. मला आत्यांचा निरोप होता, ‘‘मध्यस्त तुमी, सांच्याला या.’’ मी गेलो तेव्हा पडवी शेणानं सारवलेली होती. पाट मांडला होता, भोवती रांगोळी. रांगोळीवर दोन-तीन भाच्यांची पावलं उमटली होती आणि ती पुसून पुन्हा काढलेली दिसत होती. फौजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. चंपीच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि ती तिनं अर्धी खाल्ली होती.

ऊन उतरलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेले, उसाच्या बैलगाड्या गेल्या. आत्या दर थोड्या वेळानं फाटकाशी जाऊन यायच्या आणि कुत्र्यांना पाणी आहे का बघायला गेले होते असं म्हणायच्या. दिवे लागले. पिवळ्या घरातला दिवा लागला. कुणी आलं नाही.

‘‘पाय दुखत असंल,’’ आत्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. ‘‘थंडीबी हाय.’’ मी पुन्हा हो म्हणालो. मग त्या पुन्हा फाटकाशी जाऊन आल्या. मला त्या माणसाचा फार राग आला. त्याच्या ऊसबिलाची फाइल माझ्या हातात असती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

चंपीनं आधी कान उभा केला. मग ती उठली आणि शेपूट आपटत फाटकाकडं गेली. रस्त्यावर काठीचा आवाज येत होता. बांध चढवत नाही म्हणून हा माणूस शेताला सगळा वळसा घालून, रस्त्यानं, एकटा चालत आला होता. फाटकापाशी येऊन तो थांबला आणि बोर्ड वाचत उभा राहिला. बोर्ड एवढा मोठा नव्हता, पण तो बराच वेळ वाचत होता.

‘‘ये,’’ आत्या म्हणाल्या.

पाटावर त्याला बसता येईना. गुडघा वाकत नव्हता. फौजींनी प्लॅस्टिकची खुर्ची पाटाच्या जागी ठेवली आणि तो रांगोळीत पाय लांब करून बसला. आत्यांनी ओवाळलं. ज्योत हलत होती. त्यानं खिशातून पाकीट काढून ताटात ठेवलं.

‘‘हे कसलं?’’

‘‘फी हाय.’’

आत्यांनी पाकीट उचललं आणि माझ्या हातात दिलं. ‘‘हे मध्यस्ताकडं र्‍हाऊ द्या. चंपी जाईल तवा घीन.’’

ताट रिकामं राहिलं. त्यानं दुसरा खिसा चाचपला, मग सदऱ्याचा वरचा. त्याच्या कपाळावर घाम आला. ‘‘दुसरं काय आनलं न्हाई, आक्का,’’ तो म्हणाला. इतकी वर्षं जिला तो ‘तिकडली’ म्हणत होता.

‘‘आलास न्हवं बाळ्या, मग झालं,’’ आत्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. तेवढ्या मोठ्या मिशांचा माणूस, त्याचेही डोळे भरले. फौजी कुत्र्यांना ओरडायला लागले. कुत्री गप्पच होती.

जेवणं झाली. भाऊ काठी घेऊन उठला. ‘‘चल चंपे.’’

‘‘ती कुठं?’’ आत्या म्हणाल्या. ‘‘दिवं लागल्यात.’’

‘‘आगं, तूच सांगितलंस की दिवं लागल्यावर ये.’’

‘‘ये म्हनलं. न्हे म्हनलं न्हाई.’’

तो माझ्याकडं वळला. ‘‘सायेब, हे असं ठरलं हुतं का?’’

सौदा कसा करावा, हे मला त्या क्षणी कळलं. मी म्हणालो, ‘‘नियम सगळ्यांना सारखेच आहेत.’’

‘‘मग उद्या सकाळी येतो.’’

‘‘उद्या बुधवार.’’

तो उभ्याउभ्या विचार करत राहिला. मग परत खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘‘मग बेस्तरवारी किती वाजता येऊ?’’

‘‘तू ये तर. येळ मी सांगती.’’

बेस्तरवारी तो आला, पण भाचीनं अजून नीट खाल्लं नाही म्हणून परत पाठवला गेला. नंतर कार्तिकी एकादशी आडवी आली, मग काहीतरी दुसरं. तो रोज टाइम विचारायला यायचा आणि चहा पिऊन जायचा. जमीन जिथं होती तिथंच राहिली आणि तिच्याबद्दल कुणी बोललं नाही. गुडघा सुधारल्यावर तो रस्त्यानं यायचा बंद झाला आणि बांधावरून येऊ लागला.

निवृत्तीनंतर आम्ही साताऱ्याला राहायला आलो. स्वीटी म्हातारी होऊन गेली. परवा कपाट आवरताना बायकोला ते पाकीट सापडलं आणि हे कुणाचे पैसे म्हणून तिनं विचारलं. मी आत्यांना फोन लावला. म्हटलं, चंपीच्या फीचं पाकीट अजून माझ्याकडं आहे, पाठवून देऊ का?

‘‘चंपी कुठं गेलीया अजून,’’ आत्या म्हणाल्या. ‘‘ठेवा तुमच्याकडंच.’’

मागून कुणीतरी पुरुष मोठ्यानं हसला. फौजी असं हसत नाहीत.